गालावरची तीट

सांगली, मंगळवार संध्याकाळ

मुलांचा चेहरा आणि नाव घालून आम्ही गोष्टीची पुस्तकं छापतो. फोटो साफ करायचं काम माझं. आज जतहून एका आईचा फोन आला. पुस्तक पोचलं आणि त्याच आठवड्यात तिचं बाळ तापानं गेलं.

"ताई, गालावरची तीट कुनी पुसली वो?"

"कॉम्प्युटरनं," म्हणाले. खोटं. मीच पुसली. तीट आहे हे काय मला कळत नव्हतं?

"परत छापून द्या. तीट तेवढी ऱ्हाऊ द्या."

तीट पुसल्यानं कोणी मरत नाही. मग घरी आल्याआल्या माझ्या आठ वर्षांच्या चिंगीला धरून तीट का लावली? "मी काय बाळ हाय व्हय?" म्हणत ती हसत पुसायला गेली, तर आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उचलला.