पाहुण्यांचा डबा, आपला डबा

शिरूर अनंतपाळ,
२० नोव्हेंबर २०२४

चि. उज्वला हिस नागाबाई आत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर बोललं की सगळं घर कान देऊन बसतं, म्हणून कागद घेतला. रागात लिहून राहिले, अक्षर वाकडं येईल. पुडीच्या कागदांवरून शिकलेलं ते, सांभाळून घे.

दिवाळीला आलीस, तपासायला पोत्यातले शेंगदाणे घेतलेस, बियाण्याचे घेतलेस, चुलीजवळच्या डब्यातलेही घेतलेस. कोणी न्हाई म्हणालं का? पण चारचौघांत बुरशी हाय म्हणून तो डबा फेकून द्या म्हणालीस, ते लागलं. चाळीस वर्षं दाणे निवडते मी. टपोरे बियाण्याला, बरे बाजाराला अन् पाहुण्यांना, सुरकुतलेले-काळे घरच्या चटणीला. एक दाणा वाया घालवला न्हाई. भावाची पोर शास्त्रज्ञ झाली म्हणून आत्याला निवडणं शिकवणार का? आमचे हे, तुझे मामा, तर म्हणाले, बुरशीनं माणूस मरत असता तर आपलं गाव कधीच ओस पडलं असतं.

राग हाय, तरी डिंकाचे लाडू धाडलेत. लई वाळलीस.

तुझ्यावर रुसलेली,
आत्या


नांदेड,
३ डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यास उज्वलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

लाडू पोचले, बोलणीही पोचली. दोन्ही गोड मानून घेतली.

तपासणी झाली. पोत्यातले दाणे निर्मळ, बियाण्याचेही. डब्यातल्या दाण्यांत मात्र बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कायद्याच्या मर्यादेच्या अकरा पट निघालं. आत्या, तुझा हात इतका चोख आहे की सगळं विष वेचून तू एका डब्यात भरलंस. ते भाजून जात नाही. रोज थोडं थोडं पोटात गेलं की लिव्हर पोखरतं. म्हशीला घातलं तर दुधात उतरतं.

आता माझा राग ऐक. आमचे प्रयोगशाळेचे साहेब म्हणतात, अहवालात विकायच्या पोत्यांचंच लिहा, तो माल चांगला निघालाय. एका घरच्या डब्याला कोण विचारतं, तो वगळा. मी भांडले, पण हाती एकच डबा, बोलणार काय?

तुला एकच विचारते. त्या डब्यातलं तुमच्याकडं नेमकं कोण खातं?

मामांना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझीच,
उज्वला


शिरूर अनंतपाळ,
१५ डिसेंबर २०२४

चि. उज्वलास अनेक आशीर्वाद.

दोन दिवस ताटं बघितली. तुझ्या मामांच्या ताटात चांगल्या दाण्यांची चटणी, पाहुण्याच्याही. त्या डब्यातलं खाते मी, शेंगा फोडायला येणारी सिंधु, अन् आपली सून शिल्पा. तिला पाचवा महिना लागलाय, तुला ठाऊकच हाय.

शिल्पाला विचारलं, बाई, तू हे का खातेस? खाली बघत म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीच दाखवलं होतं ना, हा पाहुण्यांचा डबा, हा आपला. उज्वला, मलाही माझ्या सासूनं असंच दाखवलं होतं.

पोरीला परवाच दवाखान्यात नेऊन आणलं. बाळ नीट हाय, डॉक्टरीणबाईंना डब्याचंही सांगितलं.

डबा पुरायला निघाले तर तुझे मामा आडवे आले. फेकतेस कशाला, म्हशीला घाल म्हणाले. मी म्हणाले, त्या दुधाचा चहा पहिला तुम्हाला देते. तेव्हा त्यांनीच फावडं घेऊन खड्डा खणला. आता दोन्ही डब्यांत एकच माल.

पण राग शमेना. विकत घेणाऱ्याला निर्मळ, अन् पिकवणारीला विष? तुझ्या साहेबांना घरचा डबा दिसत न्हाई म्हणे. मग मी अन् सिंधु घरोघर फिरलो. शेजारच्या लक्ष्मम्मानं दारातच ऐकवलं, आता आमच्या चुलीत नाक खुपसता का. तिला शिल्पाचं सांगितलं, मग तिनंच डबा पुढं केला.

सोळा घरच्या डब्यांतल्या दाण्यांच्या पुड्या एस.टी.नं धाडून राहिले, कोरड्या कागदात. एका घरचा म्हणून आता वगळता यायचा न्हाई. पुड्यांवर घरधन्याचं नाव न्हाई घातलं. त्या डब्यातलं जी खाते, तिचं घातलंय. साहेबांपुढं मोठ्यानं वाच.

जेवत जा वेळेवर. आत्याचा जीव तुझ्यात हाय, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
नागाबाई आत्या