पुठ्ठ्याआडचा सिनेमा

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे त्यांना जिना चढू देतात का? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. का ते सांगतो, पण आधी घोटभर पाणी प्या आणि पत्र फाडू नका.

विषय तुमच्या चिरंजीवांच्या सिनेमाचा आहे. (वहिनी पत्र मोठ्याने वाचत असतील, तर त्यांनी इथे जरा दम घ्यावा.) आपण छापखान्यात केलेल्या संपाची त्याने टिंगल केली, असा बोभाटा झाला, पोस्टरं फाडली गेली, तुम्ही पोराशी बोलणं टाकलंत, आणि तुमचा भाऊ म्हणून मीही तो न पाहताच जागोजागी त्याचे वाभाडे काढले. आता आमच्या चित्रपट मंडळाला प्रश्न पडला, की वार्षिक खेळात हा सिनेमा दाखवायचा की नाही. अध्यक्ष आहेत चष्म्याचे दुकानदार. त्यांचं म्हणणं, नाव आधी कळलं की चांगल्या माणसाचाही नंबर बदलतो. म्हणून त्यांनी तोड काढली : दोन सिनेमे लागोपाठ पाहायचे, एक हा आणि एक बक्षिसं मिळवलेला सोज्वळ, आणि पडद्यावर नावं आली की वायरमनने यंत्रापुढे पुठ्ठा धरायचा. नट दोन्हींतले अनोळखी. म्हणजे निवाडा कसा, अगदी दूध का दूध.

पहिल्या सिनेमात एक म्हातारा बदकं पाळत होता. तो काठी हलवी आणि बदकं मुकाट रांगेत चालत. मी लगेच ओळखलं, की बदकं म्हणजे आपण कामगार. (आता विचारू नका, कशावरून. अंधारात माणसाला फार सुचतं.) मी उठून उभा राहिलो आणि हा श्रमाचा अपमान असल्याचं ठणकावून सांगितलं. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई तर निषेध म्हणून बाहेर गेल्या, आणि छत्री राहिली म्हणून परत आल्या. म्हातारा बिचारा शेवटपर्यंत बदकांना दाणे टाकत राहिला.

दुसरा मात्र सगळ्यांनी डोक्यावर घेतला. त्यात एक संपाचा पुढारी होता, पण टिंगलीचा सिनेमा तर आधीच होऊन गेला, असं आम्ही धरून बसलेलो. पोराच्या खोलीत शिरण्याआधी तो दाराबाहेर उगाच खोकायचा, म्हणजे पोराला जे काही लपवायचं ते लपवता यावं. आणि पोरगा आत हसायचा, कारण त्याला ते केव्हाच कळलेलं. मला वाटलं, अगदी दादा. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, बघा. मी रुमाल ओला केला. पुढे तो पुढारी मालकाच्या घरातून मागच्या दाराने बाहेर पडतो, तेव्हा मी टाळीसुद्धा वाजवली. म्हटलं, आला चार शब्द सुनावून.

मग पुठ्ठा खाली आला आणि शेवटची नावं दिसली. दुसरा आपल्या पोराचा होता.

कुणी कुणाकडे बघेना. मग चष्मेवाले म्हणाले, नीट विचार केला तर दुसऱ्यात विष होतंच, आणि बदकं तशी गोड होती. बाईंनी मान डोलावली. मी मात्र घरी येऊन तेव्हापासून घोळात आहे. तो मागच्या दाराने आला तो विकला जाऊन आला, असं पोराला म्हणायचंय. दादा, हे साफ खोटं आहे. त्या दिवशी तुम्ही मालकाकडे गेलात तेव्हा दाराबाहेर मीच उभा होतो. संपाबद्दल पोरगा चुकलाय, आणि मी त्याला ते तोंडावर सांगितलं. पण सिनेमा चांगला आहे. ही दोन वाक्यं एका डोक्यात नांदत नाहीत आणि एकही घर सोडत नाही. त्यात ती टाळी माझीच. तुम्ही यावं असं मी मुळीच म्हणत नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. : मंडळाचं एकमत होईना, म्हणून रविवारी दोन्ही सिनेमे पुन्हा लावणार आहेत. तुमची खुर्ची धरून ठेवली आहे. कुणी विचारलंच, तर बदकं बघायला आलो म्हणा.

आणखी एक : तोंडावर सांगितलं असं लिहिलंय, तर ते कुठे, हे वहिनी विचारतीलच. पोरगा गुरुवारपासून माझ्याकडे मागच्या खोलीत आहे. तुमचं नाव काढत नाही. मात्र जिन्यात पाऊल वाजलं की जेवता जेवता थांबतो.

शेवटचं : निघताना खोकल्याचं औषध घेऊ नका. आलात की त्याचं दार वाजवायची गरज नाही. बाहेर उभं राहून नुसतं खोका.