गुरुवारची फुलं

१४ ऑगस्ट, गुरुवार
आजही आली. अकराच्या सुमारास, लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला गर्दी असताना. निशिगंध आणि पिवळे गुलाब. चिठ्ठीवर 'माझ्या होणाऱ्या बायकोला'. साखरपुड्यापासून एक गुरुवार चुकला नाही. निखिलचं नाव पूर्ण लिहायला अजून लाज वाटते, म्हणून यापुढे नि.

शेजारच्या टेबलवरच्या सुनंदाताई म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी वीस वर्षांत एकदा कोथिंबिरीची जुडी आणली, तीही माझ्याकडून पैसे मागून." मी हसले. आतून चांगलीच फुगले, खोटं कशाला लिहू. फोटो काढला, स्टेटस ठेवला. जळगावहून धरणगावपर्यंत बसमध्ये गुलदस्ता मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा.

२२ ऑगस्ट, पोळा
नि. धुळ्याहून जेवायला आला. आईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. जावयाला तूप तीनदा, माझ्या धाकट्या भावाला, मयूरला, एकदाच. तो पण धुळ्यातल्या देवपूरहून आला होता. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, एरवी तोंडाची टकळी बंद नसते, आज गप्प.

पप्पांनी त्याच्या नावावर ठेव ठेवून त्यावर विद्यार्थ्यांचं क्रेडिट कार्ड काढून दिलंय. पुस्तकं, मेस, परीक्षेची फी, एवढ्यासाठी. जेवताना मी त्याला धरलंच. म्हटलं, बिल पूर्ण भरतोस ना? 'कमीत कमी एवढे भरा' लिहितात तो सापळा असतो, बाकीच्यावर व्याज चढत राहतं. त्याने ताटाकडे बघत मान हलवली.

नि. म्हणाला, "ताई बरोबर सांगतेय रे. कार्डाची सवय वाईट."
किती समजूतदार आहे, असं वाटलं मला.

११ सप्टेंबर, गुरुवार
साडेबारा झाले तरी फुलं नाहीत. मी उगाच दाराकडे बघतेय, सुनंदाताई माझ्याकडे बघतायत. मग फोन आला. फुलवाली बाई. "मॅडम, गुलदस्ता बांधून तयार आहे, पण पैसे आले नाहीत. ऑर्डर देणारे फोन उचलत नाहीत म्हणून तुम्हाला केला. दर वेळी मयूर नावाने येतात पैसे. मयूर तुमचे मिस्टर का?"

मी म्हटलं, नाही, भाऊ.
ती म्हणाली, "अय्या, भाऊ फुलं पाठवतो? चांगलंय की."
काहीतरी गडबड असेल. बाईचं काही चुकलं असेल. मयूर फोन उचलत नाही.

१२ सप्टें.
उचलला. "ताई, तू चिडू नको" यापासून सुरुवात. म्हणजे खरं आहे.

साखरपुड्यानंतर आठच दिवसांनी नि. मयूरच्या खोलीवर गेला होता. माझं कार्ड भरलंय, एक महिना तुझं वापरतो, पगार झाला की देतो. कार्डाचा नंबर नि.च्या मोबाइलमध्ये साठवलेला. दर गुरुवारी सकाळी ओटीपी यायचा मयूरच्या फोनवर आणि हा लेक्चरमध्ये बसून तो दाजींना पाठवायचा. पहिल्या महिन्याचे पैसे मिळाले. पुढचे नाहीत. मग फुलांच्या जोडीला बूट, पेट्रोल, मित्रांचं जेवण.

"नाही म्हणता येत नव्हतं का तुला?"
"दाजींना कसं नाही म्हणू? तुझं लग्न अडलं असतं म्हणजे?"

बिल वाढलं तसं तो 'कमीत कमी' तेवढंच भरत गेला. मेसच्या पैशातून. दोन महिने एक वेळ जेवतोय. काल कार्डाची मर्यादाच संपली, म्हणून फुलांचे पैसे गेले नाहीत. मी पोळ्याला त्यालाच सापळ्याचं प्रवचन दिलं, आणि ज्याने अडकवलं तो समोर बसून पुरणपोळी खात माझी री ओढत होता.

आयजीच्या जिवावर बायजी उदार. ही म्हण शाळेत पाठ केली होती. माझ्याच साखरपुड्यात कामाला येईल असं...

१४ सप्टें., रविवार
सकाळच्या बसने धुळे. नि. ला पांझरेच्या पुलापाशी बोलावलं. तो हसतच आला. माझा चेहरा बघूनही दोन मिनिटं हसत होता.

त्याचं म्हणणं: घरातल्या घरात आहे. मयूर मला भावासारखा. देणारच होतो. माझ्या कंपनीत इन्सेंटिव्ह अडकलाय. मी म्हटलं, मग फुलं थांबवायची. त्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवते: "एका गुरुवारी उशीर झाला तर तोंड फुगवून बसायचीस तू. स्टेटस कोण ठेवत होतं, मी का तू?"

यात खरं आहे तेच जास्त लागलं. फुगवलं होतं तोंड. जुलैमध्ये, दुपारपर्यंत फुलं आली नव्हती तेव्हा. त्या दिवशी मयूर कॉलेजला दांडी मारून बँकेत बिलाचे पैसे भरायला गेला होता, हे आज कळलं.

पण मी फुलं मागितली असतील, भावाचा घास नव्हता मागितला. हे पुलावर सुचलं नाही. परतीच्या बसमध्ये सुचलं. नेहमीचंच.

१६ सप्टें.
आईला सांगितलं. वाटलं होतं, ती पेटून उठेल. ती भाजी निवडत राहिली.
"माले माहीत शे. मयूरनी मागेच सांगं."
"आणि तू मला बोलली नाहीस?"
"जावईले नही म्हनता येस का? अन् फुलं तर आपलाच घरमा उनात ना."

फुलं आपल्याच घरात आली, म्हणून सगळं माफ. ती सुकली की तीच उचलून टाकायची, पाणी बदलायची, "पोरीचं नशीब चांगलं शे" म्हणून शेजारणीला दाखवायची. सगळं माहीत असून. मला नि. पेक्षा जास्त राग आईचा आला. उठून गच्चीवर जाऊन रडले. खाली आले तर तिने चहा ठेवला होता. प्याले. न पिऊन काय करणार.

१८ सप्टें., गुरुवार
आज पुन्हा फुलं. लाल गुलाब, भरपूर. चिठ्ठीत 'सॉरी'. मी आधी मयूरला फोन केला, ओटीपी आला होता का म्हणून. "नाही ताई, आईशप्पथ." मग हे कुणाच्या खिशातून? एखाद्या मित्राच्या? त्याच्या आईच्या? खरंच त्याच्या स्वतःच्या असतील तर? तरी मी विश्वास ठेवणार नाही. फुलं बघून मला आता असंच सुचणार, आयुष्यभर. हे नुकसान कुठल्या बिलात येतं?
सुनंदाताईंना दिली. त्या पिशवीत घालून घेऊन गेल्या.

२६ सप्टें.
उरलेलं बिल भरून मयूरचं कार्ड बंद करायला लावलं, माझ्यासमोर. परीक्षेची फी मी भरली. मेसवाल्या काकूंशी स्वतः बोलले. तो म्हणाला, ताई, तू लग्नाला नाही म्हणशील का आता? लहान मुलासारखं विचारलं. त्याला वाटतंय, मोडलं तर त्याच्यामुळे मोडेल.

नि. चे रोज चार फोन. आज एक उचलला. "पाच तारखेला बस्त्याला तोंड पाडून उभी राहू नको. आमचे नाना, अक्का सगळे येतायत." एवढंच. मयूरचं नावही नाही.

ठरवलं. पप्पांना सांगणार. एकटे तेच आहेत ज्यांना काही माहीत नाही. पप्पांनी पंचायतीत भल्याभल्यांना तोंडावर सुनावलेलं मी पाहिलंय. दोन शब्द ते बोलले तरी मला पुरे.

४ ऑक्टोबर, शनिवार
सांगितलं. पोळ्यापासून पुलापर्यंत सगळं, एका दमात. ते ओसरीवर खुर्चीत बसून ऐकत होते. मध्ये एकदाही 'काय?' म्हणाले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"पोळापासून माहीत शे माले," म्हणाले. "मयूर रडना त्या दिन. बेटा, लगनना खर्चमा धरी लिधं मी."

लग्नाच्या खर्चात. मांडव, आचारी, बँड, आणि होणाऱ्या जावयाने मुलीला दिलेली फुलं. धरलं नुसतं हिशेबात; बिल भरत राहिला मयूर, मेसच्या पैशातून.

मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला बरं वाटलं का ते?" ते गोठ्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "पत्रिका छापायले दिध्यात." आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

म्हणजे घरात चार माणसं, आणि फुलं खरी मानणारी मी एकटीच.

उद्या दहाला धुळ्यात बस्ता. आईने माझी मोरपंखी साडी इस्त्री करून पलंगावर ठेवली आहे. मी म्हटलं, मी येत नाही. ती म्हणाली, "येशी." पप्पा दारात उभे होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. गाडी साडेआठला येणार आहे.