माझी पट्टी खाली गेली

४ जून, सकाळ
आजपासून पत्रिकेचा विषय बंद. पुतण्या अनिमेषच्या लग्नपत्रिकेत 'विनीत' म्हणून शिवरामदादा, धाकटा मुकुंदासुद्धा, आणि मी? 'समस्त कर्णिक परिवार'! तीन वर्षं झाली. सोडून दिलं. मी मनाने मोठा आहे.

४ जून, दुपार
हेमा बॅग घेऊन डोंबिवलीला, आमच्या लेकीकडे, श्रियाकडे. म्हणे तेच तेच दळण ऐकून तिचंच डोकं फिरेल, बरा झालो की बोलवायचं. मी फक्त एवढंच म्हटलेलं, की मुकुंदाचं नाव छापायला जागा होती!

९ जून
नौपाड्यात डॉ. शिवानींकडे गेलेलो. डिप्रेशनच्या गोळ्या चालूच. आता ट्रायल. एमआरआय मशीनमध्ये झोपायचं, समोर पडद्यावर पट्टी दिसते. डोक्यात दळण सुरू झालं की पट्टी वर, थांबलं की खाली. बघून बघून थांबवायला शिकायचं. काहींना दुसऱ्याचीच पट्टी दाखवतात, कुणाला ते शेवटी सांगणार. मला खरीच असणार. फर्स्ट क्लास बी.एस्सी. माणसाला खोटी कोण दाखवेल?

१६ जून
मशीन कानाशी रस्ता खणल्यासारखं वाजतं. पण पट्टी धाडकन खाली! आत मी पूर्ण वेळ मुकुंदाचाच विचार करत होतो, तरी खाली. काय कंट्रोल आहे माझा!
हेमाला फोन केला. तिने विचारलं, झोप लागते का, जेवता का. अगं, पट्टीचं ऐक ना!

२३ जून
पट्टी तळाला. पहिला नंबर ना, असं शिवानींना विचारलं. इथे नंबर नसतात म्हणे. नसतात कसे? मूड गेला.

३० जून
हेमा रविवारी येतेय! पट्टीचं ऐकूनच तयार झाली. ती नसली की घर खायला उठतं. आज तिची साडी घडी करताना रडलो. हे शिवानींना सांगायची गरज नाही, पट्टी उत्तम आहे.

४ जुलै
ट्रायल संपली. ती पट्टी माझी नव्हती. दुसऱ्या कुठल्यातरी पेशंटचं रेकॉर्डिंग! शिवानी म्हणाल्या, आता खरी सुरू करू, फायदा होईल. ते राहू दे. तो माणूस कोण? नाव सांगत नाहीत. मी इतके दिवस त्याचं कौतुक करत बसलेलो!
हेमाला हे सांगायचं नाही. ठरलं.

५ जुलै, रविवार
हेमा आली. सुरमई आणलेली. दारातच तिला सांगून टाकलं. मग जेवताना. मग ती भांडी आवरताना, अगदी थोडक्यात. संध्याकाळी तिने श्रियाला फोन करून सांगितलं, माझं अंथरूण आवरू नकोस, मी परत येतेय.
थांब म्हणालो. ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली. पुढे काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण डोक्यात एकच, कोण असेल तो?
तेच विचारलं.