खट् झाल्यावरचं हसू

अमळनेर,
२ नोव्हेंबर २०२५

चि. मयुरीस गजेंद्रकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. सगळे खुशाल आहेत, कोणी गेलेलं नाही. तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, म्हणून काकाला पोस्टाच्या पाया पडावं लागलं. रोज सकाळी जास्वंदीचा एक फोटो पाठवतो, त्याचा एवढा राग? तुझी रंजनाकाकू म्हणते, लागोपाठ चाळीस जास्वंदी आल्या तर गणपतीसुद्धा ब्लॉक करील. तिचं मनावर घेऊ नकोस.

मुद्द्याचं लिहितो. ताराने फोनवर सांगितलं, की तू नवा मिररलेस कॅमेरा घेतलास आणि तिच्या लग्नाचे फोटो आता धाकटी बहीण काढणार. मिररलेस म्हणजे बिनआरशाचा, हे काकूला सांगितलं तर ती म्हणाली, आरसाच नाही तर नवरी नटणार कशात? मला हसू आलं, पण नंतर वाईट वाटलं. गेली तेरा वर्षं भावकीतलं एकही लग्न माझ्या कॅमेऱ्याशिवाय लागलेलं नाही. पॉवरलूमवर रात्रपाळी करून सकाळी हळदीला उभा राहिलोय मी.

माझा डीएसएलआर जुना आहे, मान्य. पकडीचं रबर निघालं, तिथे सायकलची ट्यूब चिकटवली आहे. पण लेन्समधून आलेला उजेड आरशावरून थेट माझ्या डोळ्यात येतो. म्हणजे मी खरी नवरी बघतो. तू बघणार ती पडद्यावरची, टीव्हीतली नवरी. शिवाय माझी एक बॅटरी साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंत पुरते. तुझी म्हणे मंगलाष्टकांतच मान टाकते.

विचार कर. मला आहेराची पिशवी घेऊन तिसऱ्या रांगेत बसवू नकोस.

मायला, म्हणजे तुझ्या आजीला, नमस्कार सांग. लोभ आहेच, ब्लॉक काढलास तर वाढेलही.

तुझा,
गजेंद्रकाका


डिंडोली, सुरत
७ नोव्हेंबर २०२५

ती. गजेंद्रकाकांस मयुरीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा पप्पांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. आजीने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि जास्वंदीपाशी दोन्ही वेळा हसली.

काका, तुमची खरी नवरी खरी आहे हो, पण फोटोत ती काळी येते. माझ्या टीव्हीतली नवरी जशी दिसते तशीच उतरते. फोटो काढण्याआधीच कळतं, उजेड कमी पडतोय की जास्त. सुषमाआत्याच्या लग्नाचा अल्बम आठवा. नवरदेवाच्या मुंडावळ्या धारदार आणि नवरदेव धूसर. संध्याकाळच्या मांडवातल्या फोटोंत तर सगळ्यांच्या तोंडावर ठिपक्यांचा रवा सांडलाय. माझा कॅमेरा माणसाचा डोळा स्वतः शोधून धरतो, माणूस हलला तरी सोडत नाही. दिवसभर मार्केटमध्ये साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढते मी, खरी जरी आणि जरीसारखा प्रिंट यातला फरक फोटोत दाखवावा लागतो. बॅटरीचं मात्र खरं आहे. मी तीन घेऊन फिरते.

भांडण नको, पैज लावू. आजी अठ्ठ्याहत्तरची झाली, पण तिचा हसरा फोटो जगात नाही. कॅमेरा दिसला की भागीरथीबाई आधार कार्डावरच्या होतात. जो आजीला हसताना टिपेल, त्याला ताराताईचं लग्न. दुसऱ्याने मुकाट्याने जेवायला बसायचं.

काकूंना नमस्कार. राग नसावा, आणि असला तर तो पत्रातच असावा.

तुमची,
मयुरी


अमळनेर,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पैज मंजूर. फक्त एक अट. पडद्याआडून, दारामागून चोरून काढलेला फोटो बाद. माय समोर बसलेली पाहिजे आणि आपला फोटो निघतोय हे तिला ठाऊक पाहिजे. फोटो काढणं आणि पाळत ठेवणं यात फरक आहे.

आधी तू प्रयत्न कर. मी घाईत नाही, आणि का नाही ते सांगणार नाही. काकू म्हणते, हे लिहिताना मी मिशीतल्या मिशीत हसत होतो.

तुझा (अजून तरी फोटोग्राफर),
गजेंद्रकाका


डिंडोली,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुम्हाला ठाऊक होतं! ठाऊक असून गप्प बसलात!

रविवारी आजीला ओट्यावर बसवलं. तिने केस विंचरले, पदर सारखा केला, नवी कवळी लावली आणि श्वास रोखून बसली. मी फोटो काढले. आजी तशीच. विनोद सांगितले, पप्पांच्या बालपणीचे किस्से सांगितले, शेजारच्या सरलाबाईंनी तर नाचून दाखवलं. आजी ढिम्म. वीस मिनिटांनी तिने दातांतल्या दातांत विचारलं, की फोटो कव्हय काढशी? मी म्हटलं, आजी, दोनशे बारा काढून झाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुकानदाराने मापात मारलंय.

तिचं म्हणणं असं, की खट् झालंच नाही तर फोटो निघाला कसा? माझा कॅमेरा मुका आहे. त्याचा आवाज चालू केला, तर एवढासा टक् तिला ऐकूच येत नाही. बावीस वर्षं लूमच्या कारखान्यात, त्या खडखडाटात, बॉबिन भरून तिचे कान गेले, तुम्हाला माहीत आहे. मोठी शिटी लावून पाहिली, तर म्हणाली कुकर बघ. खट् होईपर्यंत हलायचं नाही, हे तुम्ही तिला तेरा वर्षं शिकवलंत. आता ती खट्ची वाट पाहत माझ्यासमोर जन्मभर दगड होऊन बसेल.

तेव्हा कबूल करते, या घरात माझा कॅमेरा नापास. पण तुमचा तरी कुठे पास झालाय? तुमच्याकडेही आजीचा हसरा फोटो नाहीच. हे कोडं सोडवा, नाहीतर लग्नाला सरलाबाईंचा मोबाइल लावू.

रुसलेली,
मयुरी


अमळनेर,
२१ नोव्हेंबर २०२५

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की काकूने पाणी आणून दिलं. मग हसू ओसरलं आणि जरा अपराधी वाटलं. म्हणून खरं सांगतो.

माय हसते, बेटा. दर वेळी हसते. पण खट् झाल्यावर. श्वास सोडते, मी कॅमेरा खाली घेतो आणि तेवढ्यात ती हसते, कवळी-बिवळी सगळी दिसेपर्यंत. पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला की दार बंद. सलग खटखट काढून पाहिले, तर ती शेवटच्या खट्पर्यंत श्वास धरून बसते. ते हसू मी तेरा वर्षं पाहतोय आणि ते माझ्या एकाही फोटोत नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण जे आपल्याला टिपता येत नाही ते कोण सांगतं?

आता ऐक. ३० तारखेला, रविवारी, मी सकाळच्या गाडीने उधना स्टेशनला उतरतो. मी समोर बसून खट् करीन. तू माझ्या खांद्यामागे उभी राहा. खट्नंतर तुझ्या मुक्या कॅमेऱ्याने हवं तेवढं टिप, नेमका कधी, याचा मायला पत्ताही लागणार नाही. चोरी नाही ही, ती आपल्या दोघांच्या समोरच बसलेली असेल आणि दोघंही फोटो काढतोय हे तिला ठाऊक असेल. मीही कॅमेरा खाली घेता घेता, छातीशीच, एक फोटो काढून बघणारच आहे. ज्याच्यात हसू येईल तो जिंकला.

तू जिंकलीस तर मला वाईट वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. पण मायचं हसू कुठेतरी राहिलं पाहिजे, ते जास्त महत्त्वाचं.

सकाळी नाश्त्याला लोचो आणून ठेव, तेल-शेव जास्त.

तुझा,
गजेंद्रकाका


डिंडोली,
३ डिसेंबर २०२५

चि. गजेंद्रास मायचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

(काका, आजी सांगतेय, मी लिहितेय. मधे स्वतःचं काही घालायचं नाही अशी तिने शपथ घातली आहे, म्हणून माझं सगळं कंसात. तिची अहिराणी मी सरळ करून लिहिते, जिथे सरळ होत नाही तिथे तशीच ठेवते.)

तू रविवारी आलास, लोचो खाल्लास, आणि फोटो निघाल्यावर मयुरीच्या हातात हात देऊन म्हणालास की लग्न तुझं, मी हरलो. संध्याकाळच्या गाडीने गेलास. जाताना कॅमेऱ्याची पिशवी नेहमी पोटाशी धरतोस, या वेळी पाठीवर टाकलीस. मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं.

गज्या, तू गैरा शाना शे, फार हुशार. तू माझ्यासमोर बसून खट् केलंस तेव्हा तुझ्या कॅमेऱ्याचं झाकण लेन्सवरच होतं.

(काय? काका, मला खोटं वाटलं, म्हणून फोटो मोठा करून पाहिला. आजीच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत तुम्ही आहात. कॅमेरा छातीशी घेतलाय, झाकण जागच्या जागी, आणि तुम्ही हसताय. म्हणजे तुम्ही फोटो काढलाच नाही! मुद्दाम हरलात! आणि मी तीन दिवस बिल्डिंगभर पेढे वाटत फिरतेय. मला रडू येतंय आणि तुमचा रागही येतोय.)

पोरगी लिहायचं सोडून नाक पुसते आहे. आता थांबली.

तुम्ही दोघं महिनाभर भांडलात, की म्हातारी खट् झाल्यावर हसते. येडा शेतस. खट्मध्ये हसण्यासारखं काय आहे? बावीस वर्षं मी लूमची खटखट ऐकली, एकदाही हसले नाही. तू कॅमेरा डोळ्याला लावलास की मला फक्त काळा डबा दिसतो. त्या डब्याकडे बघून कोण हसेल? खट् झालं की डबा खाली येतो आणि मागून माझा पोरगा निघतो. तुनं तोंड दिसनं म्हनीसन मी हासस.

(काका, मी आत्ता सगळे अल्बम काढून बसले आहे. तेरा वर्षांची लग्नं, सगळी भावकी आहे, तुम्ही एकाही फोटोत नाही. चष्म्यातला हा पहिला.)

मी निकाल देते, दोघांनी ऐका. लग्नात फोटो मयुरी काढेल. पण आपली भावकी खट् ऐकल्याशिवाय श्वास सोडत नाही, हे तिने माझ्यावरून पाहिलं आहे. सगळ्या काक्या-आत्या मांडवात माझ्यासारख्या बसतील. म्हणून गजेंद्र समोर उभा राहून खट् करेल आणि डबा लगेच खाली घेईल. मग मयुरीने टिपायचं. गजेंद्र तिसऱ्या रांगेत बसणार नाही.

(मंजूर. ब्लॉकही काढला आहे. रोज एक जास्वंद चालेल, पण तिच्या शेजारी तुम्ही उभे पाहिजेत. फोटो काकू काढतील.)

आणि गज्या, बॅटरी खट्पुरतीच भर, ती ट्यूब बी बदलू नको. झाकन लाईसनच ये. तुले फोटो काढना नही शे, मले तुनं तोंड दखनं शे.

तुझी,
माय
(आणि तिची लेखनिक, तुमची सहकारी फोटोग्राफर, मयुरी)