पुरुषपात्र नसलेलं नाटक

पारनेर,
१८ फेब्रुवारी १९७३

प्रिय मालन,

तुझं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. शाळा सुटली की टँकरच्या रांगेत हंडे लावायचे आणि रांग सरकेपर्यंत तिथेच उभं राहून मुलींच्या वह्या तपासायच्या, असा सध्या माझा दिवस जातो. ह्यांची नोकरी नगरला, ते शनिवारी येतात. आई-आबा मळ्यातलं घर बंद करून माझ्याकडे राहायला आलेत, कारण तिकडच्या विहिरीचा तळ उघडा पडलाय. बैल छावणीत बांधलेत. आबा रोज सकाळी त्यांना बघून येतात आणि आल्यावर कुणाशी बोलत नाहीत.

तुमच्या शाळेने दुष्काळ निधीसाठी कार्यक्रम ठरवला आणि तो बसवायचं तू कबूल केलंस, हे वाचून मी आईला हाक मारून सांगितलं. एवढ्या दिवसांत तू नाटकाचं नावसुद्धा काढलं नव्हतंस. तू लिहिलंस, नव्या लेखकांच्या एक-दोन एकांकिका आणि एखादं स्वगत सुचव, पण पुरुषपात्र नको. मुलींची शाळा आहे म्हणून, असं कारणही दिलंस. अगं, मुलींच्या शाळेत मुली मिशा चिकटवून पाटील आणि तलाठी होतातच की! तू स्वतः सोनईच्या शाळेत फेटा बांधून फौजदार झाली होतीस, असं तूच मला सांगितलं होतंस. तुझी ती अट वाचून मी पत्र खाली ठेवलं. पण ते राहू दे. आधी तुझं काम.

पहिली सुचवते ती 'दोन पाट्या माती'. लेखक नगरचे आहेत, तारखात्यात नोकरी करतात. गेल्या वर्षापासून लिहू लागलेत आणि अजून फार कुणाला ठाऊक नाहीत. दोन जावा आहेत. घरात वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. दुष्काळी कामावर मुकादम दोघींना एकाच ओळीत उभं करतो, आणि मातीची पाटी एकीने दुसरीच्या हातात द्यायची, एवढंच काम. मुकादम रंगमंचावर येत नाही, त्याची नुसती शिट्टी ऐकू येते, त्यामुळे तुझी अट मोडत नाही. जवळजवळ निम्मी एकांकिका बिनबोलाची आहे. शेवटी थोरली विचारते, 'दमलीस का गं?' आणि पडदा. मी इथे बसवली तेव्हा मुली रिकामी पाटी फुलांच्या परडीसारखी उचलायच्या. मग मी खरोखरची माती भरायला लावली. पहिल्याच तालमीला दोघींचे चेहरे बदलले. तूही तसंच कर.

स्वगत हवं असेल तर 'स्टँडवरची बाई' घे. पुण्याच्या एका तरुण लेखिकेचं आहे. एक बाई एस.टी.च्या स्टँडवर बसलीय, माहेरी निघालीय. शेजारच्या प्रवासिणीला माहेरचं सगळं सांगते. भावाची थट्टा, आईच्या हातचं पिठलं, दारातला शेवगा. तिची गाडी लागते, ती उठत नाही. पुन्हा लागते, तरी बसूनच. हळूहळू कळतं की माहेरी आता कुणीच उरलेलं नाही. मालन, हे रडून करायचं नाही. तुझ्या वर्गातली सगळ्यात हसरी, बडबडी मुलगी असेल ना, तिला दे. ती हसत राहिली तरच लोक रडतील. मी स्वतः ते एकदा मोठ्याने वाचून पाहिलं. भावाच्या थट्टेपर्यंत आले आणि पुढचं मनातच वाचलं.

आणि एक घेऊ नकोस, ते सांगते. युद्धानंतर एका मासिकाच्या अंकात वीरमातेचं स्वगत छापून आलंय, सगळीकडे तेच चालू आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनात ते ठेवलं आणि आईला सन्मानाने पहिल्या रांगेत बसवलं. मला त्यांना नाही म्हणता आलं नाही. नववीतली मुलगी पांढरं पातळ नेसून, हात उंचावून म्हणत होती, मला आणखी मुलगे असते तर तेही मी दिले असते. टाळ्या पडत होत्या. आई उठली आणि चालत बाहेर गेली. मी मागे धावले. फाटकाजवळ ती पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "मुक्ते, ती पोरगी चांगली हाय, तिला काय बोलू नगं. पन ज्यानं लिव्हलं त्याला इचार, त्याचं कोन गेलंय? मी न्हाई दिला माझा कानिफ. तो गेला. देनं येगळं आन् जानं येगळं." त्यानंतर आम्ही दोघी तशाच घरी आलो. तुला हे आधी कळवलं नव्हतं. तुझ्यापुढे माझ्या भावाचा विषय कसा काढायचा हे मला अजून जमत नाही.

'कुलूप'बद्दल तू काहीच विचारलं नाहीस. मीही ते सुचवत नाही. पण नव्या एकांकिकांची नावं लिहायला बसले आणि ते नाव आलं नाही, असं होणार तरी कसं? कानिफ युद्धाच्या वर्षी गणपतीत रजेवर आला होता. आमच्या मंडळाच्या त्या एकांकिकेत बायको तू होतीस, पण नवरा व्हायला कुणी मिळेना, म्हणून मीच त्याला भरीला घातलं. फौजेत संचलन करणाऱ्याला पाठांतर काय अवघड, असं मी म्हणाले होते. कसलं काय! नवीन लग्न झालेलं जोडपं, खोलीची किल्ली हरवलेली, दोघं स्वतःच्याच दाराबाहेर पायरीवर बसून भांडताहेत. विंगेत पुस्तक धरून मी, समोर सगळं पारनेर. मध्येच त्याचं वाक्य गेलं. मी दोनदा सांगितलं, त्याला ऐकूच आलं नाही. तुझ्याकडे बघत तो म्हणाला, "मालन, किल्ली सापडू दे न्हाई तर ऱ्हाऊ दे, आपन लगीन करू." पात्राचं नाव होतं सुमन! आणि नाटकात त्यांचं लग्न झालेलं होतं! प्रेक्षक पोट धरधरून हसले. तू मात्र हसली नाहीस. खाली बघून म्हणालीस, "आधी माझ्या आप्पांना विचारा." तेही पुस्तकात नव्हतं. आप्पासाहेब प्रेक्षकांतच बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या ओसरीवर आले, आबांनी पुढे होऊन त्यांना पाणी दिलं, आणि दिवाळीच्या आत सुपारी फुटली.

लग्न पुढच्या रजेत करायचं ठरलं. ती रजा आधी लांबली, मग रद्द झाली, मग डिसेंबरात दुपारी तार आली. हे सगळं तुला ठाऊक आहे. तार वाचायला मी शाळेतून आले होते, आणि तू संध्याकाळच्या गाडीने आलीस. तेरावा होईपर्यंत तू आमच्या चुलीपुढून उठली नाहीस. लोक विचारायचे, ही कोण? आई सांगायची, आमची सून. तेव्हा त्या एका शब्दाचा तिला आधार होता, आणि मला वाटतं तुलाही होता. त्यानंतर प्रत्येक सणाला तू इकडे येत राहिलीस. संक्रांतीला आलीस तेव्हा वाळली होतीस. आई तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तू भाकरी थापत होतीस. ते पाहून मी परसात निघून गेले होते.

आता खरं लिहिते. गेल्या रविवारी आप्पासाहेब सोनईहून आले होते. तक्रार घेऊन नाही, ते तसे नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ पावसापाण्याचंच बोलले. मग म्हणाले, श्रीरामपूरचे गोरक्ष गुरुजी, जे तुमच्या शाळेच्या नाटकांचे पडदे आणि देखावे करतात, ते स्वतः सोनईला येऊन तुला मागणी घालून गेले. तुझं सगळं माहीत असून. आप्पांनी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, मी पारनेरची सून आहे, मला हे विचारू नका. आप्पा आईला एवढंच म्हणाले, "छबूबाई, माझी पोर तुमच्या उंबऱ्यात आडकलीय. मी तिला वडनार न्हाई. तुमीच काय ते सांगा."

आई उठली. त्यांना चहा दिला, गाडीपर्यंत माणूस बरोबर दिला. दोन दिवस ती नीट जेवली नाही. मला वाटलं, ती आतून रागावलीय. तुला जाऊ देणं म्हणजे कानिफला आणखी एकदा घालवणं, असं माझ्याच मनात येत होतं, तर तिच्या किती आलं असेल! आज सकाळी दळण निवडताना तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मुक्ते, मालनला कागद लिव्ह. तिला म्हनावं, सून म्हनून तू ह्या घरात आलीच न्हाईस गं. माझ्या दुःखात मी तुला सून म्हनले, मला बरं वाटायचं म्हनून. आता लेक म्हनते. आन् लेक जलमभर कोन घरात ठिवतं? गुरुजी चांगला आसंल तर व्हय म्हन. मांडवात मी येनार हाय. कुनी काय बोललं तर मी बघून घेईन." मग ती उठून परसात गेली, शेळीला पाला टाकला आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. मी मागे गेले नाही. तिला एकटीलाच रडायचं होतं.

म्हणून हे पत्र. होकार द्यायचा की नाही, ते तुझं तू ठरव. पण आमच्यासाठी नाही म्हणू नकोस. मी पत्र लिहायला बसले तेव्हा आबा दारात उभे होते. मला वाटलं, छावणीकडे निघाले असतील. ते म्हणाले, "त्यात हेबी लिव्ह, कानिफच्या बापाचंबी हेच म्हननं हाय." त्या तारेनंतर त्याचं नाव त्यांच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं.

तुझीच,
मुक्ताताई