सहावा दोना

आत्या, तू माझ्या बापाची बहीण, मग माझी सासू, आणि दोन्ही नात्यांत मी तुला भ्यायचे. लिहायला मी म्हातारपणी नातीकडून शिकले, म्हणून हे इतक्या उशिरा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आपल्या जंगलातल्या गावाला सडक नव्हती, पण देवाला कोणत्या घरची मोहाची दारू चढवायची हे ठरवायला तुझी जीभ होती. चाखायच्या दिवशी तू बिनमिठाची पेज तेवढी प्यायचीस. तिखट नाही, तंबाखू नाही. पाच घरचे पाच माठ तुझ्या पाठीमागे, तुझं तोंड भिंतीकडे. पळसाच्या पानांच्या कोऱ्या दोन्यातून एकेक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, मातीत थुंकायचा. सहावा दोना त्याच पाचांतल्या कोणत्याही माठाचा, तुला न सांगता. तोच माठ दुसऱ्यांदा चाखताना तू वेगळं बोललीस, तर सगळा निकाल रद्द. हा नियम तुझ्यावर कोणी लादला नव्हता, तूच घातला होतास. असं कोण करतं गं?

त्या वर्षी दोने भरणारी मी होते, आणि आपल्या घरचा माठ माझ्या हातचा पहिलाच. जाळ मोठा झाला, फुलं तळाला लागली. तिसरा दोना चाखून तू म्हणालीस, "करपली." घर आपलं की परकं, तुला ठाऊकच नव्हतं. नव्या सुनेचं नाक कापलं जाणार, या भीतीनं मी सहाव्या दोन्यात शेजारणीची दारू ओतली. "साफ आहे, गोड आहे," तू म्हणालीस. मी म्हणाले, "आत्या, हा तिसराच माठ होय."

मला वाटलं, आता माझा हात धरशील. तू दोना हळूच खाली ठेवलास. "माही जीभ आज दोन गोष्टी बोलली. आजचं काई धरू नका. उद्या पुन्हा पाहू." मागून कोणीतरी हसलं, "बाई म्हातारी झाली आता." तू त्यालाही "हो भाऊ" म्हणालीस.

त्या दुपारी मी उरलेल्या आंबवलेल्या फुलांची मंद जाळावर दारूची नवी धार काढली. दुसऱ्या दिवशी तू तीच निवडलीस, दोन्ही वेळा एकच बोललीस आणि हसून म्हणालीस, "पोरी, तुह्या हाताले चव हाये." पुढच्या वर्षी चाखायचा दोना माझ्या हाती दिलास. "मले माह्या जिभेचा भरवसा नाई राह्यला." त्यानंतर तू भाजीतलं मीठसुद्धा मला विचारायचीस, आणि मी सांगायचे.

तुझ्याच रीतीनं मी इतकी वर्षं चाखते आहे. निकालावरून लोक भांडतात, तेव्हा तुझं "हो भाऊ" आठवतं. मला ते अजून म्हणता आलेलं नाही. ही वही नातीच्या हाती लागू नये म्हणून धानाच्या कोठीत खाली दडवीन. तुझी जीभ बरोबर होती, आत्या. सहावा दोना आपल्या माठाचा नव्हता.